बटण दाबलं की प्रोग्राम तयार?
‘मॉडेल टाका, बटण दाबा, प्रोग्राम तयार’ असं कॅम सॉफ्टवेअरवाले सांगतात. रोलिंग मिल्सचे सुटे भाग करणाऱ्या जालना एमआयडीसीतल्या वर्कशॉपने आधी एक समजून घ्यावं. स्टेप फाइलमध्ये सहसा ‘होल’, ‘पॉकेट’ असं लिहिलेलं नसतं. असतात फक्त पृष्ठभाग आणि कडा. जोशी आणि चँग यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत, शेजारच्या पृष्ठभागांमधली कड आत वळते की बाहेर, हे बघून पॉकेट ओळखतात. दोन खाचा एकमेकींना छेदल्या की गोंधळ सुरू. शिवाय २० मिमीचं भोक नुसतं ड्रिल करायचं की डॉवेल पिनसाठी रीमरही मारायचा, हे आकारावरून कळत नाही. ते ड्रॉइंगवरच्या टॉलरन्समध्ये असतं. वेळ जरूर वाचवा, पण ड्रॉइंग वाचणारा माणूस कमी करू नका.