पिन एक, पेच अनेक

चार्जिंगचे पोर्ट कायद्याने एक करणे योग्यच. पण भारताने आता युरोपचा नियम नुसता उतरवून काढला तर ते उशिराचे शहाणपण ठरेल. ग्राहकाची अडवणूक पोर्टातून निघून केबल आणि वॅटमध्ये जाऊन बसली आहे.

बाजाराला मोकळे सोडले की तो आपले आपण सगळे नीट लावून घेतो, यावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी मोबाइल चार्जरचा इतिहास जरूर चाळावा. २००९ साली युरोपात तीसेक प्रकारचे चार्जर वापरात होते. नोकियाची बारीक पिन सोनी एरिक्सनला चालत नसे आणि सॅमसंगची मोटोरोलाला. फोन बदलला की चार्जर अडगळीत. तेव्हा युरोपीय आयोगाने मोठ्या उत्पादकांना एकत्र बसवले आणि मायक्रो-यूएसबी हे समान पोर्ट वापरण्याचा करार त्यांच्याकडून करून घेतला. करार ऐच्छिक होता आणि त्यात पळवाटही होती. स्वतःचे पोर्ट ठेवायचे असेल तर त्याला मायक्रो-यूएसबीची जोड उपलब्ध करून द्या, म्हणजे करार पाळला असे धरले जाई. अ‍ॅपलने सही केली आणि पोर्ट आपलेच ठेवले. तिसाचे तीन झाले, हे मान्य. पण त्या तिनाचे एक करायला आणखी दहाहून अधिक वर्षे गेली आणि शेवटी कायदाच करावा लागला.

तो कायदा युरोपीय संसदेने ४ ऑक्टोबर २०२२ रोजी ६०२ विरुद्ध १३ अशा मतांनी मंजूर केला. २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकला जाणारा प्रत्येक नवा मोबाइल, टॅबलेट, डिजिटल कॅमेरा, हेडफोन, ई-रीडर, छोटा स्पीकर, कीबोर्ड आणि माउस यूएसबी टाइप-सी पोर्टावरच चार्ज झाला पाहिजे, असे बंधन आले. लॅपटॉपांना २८ एप्रिल २०२६ पर्यंतची सवलत मिळाली. अ‍ॅपलने २०१२ पासून जपलेले लाइटनिंग पोर्ट सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे मुदतीच्या सव्वा वर्ष आधी, आयफोन १५ मधून काढले. कायदा झाला आहे तेव्हा पाळावा लागेल, असे कंपनीच्या वरिष्ठांनी आधीच सांगून टाकले होते. मुदत आली तेव्हा लाइटनिंगची उरलीसुरली मॉडेलेही कंपनीने युरोपातील विक्रीतून काढून घेतली. ग्राहकांची अनेक वर्षांची कुरकुर जे करू शकली नाही ते एका तारखेने केले.

या कायद्याचे समर्थन करताना पर्यावरणाचा डंका पिटला जातो. तो जरा हळू पिटलेला बरा. फेकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरांचा युरोपातील कचरा वर्षाला सुमारे ११ हजार टन, असा आयोगाचाच अंदाज. जगभरात २०२२ साली निर्माण झालेला ई-कचरा ६ कोटी २० लाख टन होता. त्यापुढे ११ हजार टन म्हणजे दर्या में खसखस. ग्राहकांची बचतही आयोगाच्या हिशेबाने वर्षाला फार तर २५ कोटी युरो. पंचेचाळीस कोटी लोकांत वाटली तर माणशी अर्ध्या युरोच्या आसपास. एवढ्यासाठी कायदा करावा काय? करावा, पण कारण वेगळे आहे. विकत घेतलेल्या उपकरणात वीज कोणत्या वाटेने जाईल हे विक्रेत्याने ठरवायचे आणि त्या वाटेवर टोलही त्यानेच वसूल करायचा, ही व्यवस्था मुळातच अन्यायाची होती. लाइटनिंगची अधिकृत केबल बनवणाऱ्या प्रत्येक उत्पादकाला अ‍ॅपलची परवानगी घ्यावी लागे. कायद्याने हा टोलनाका उठवला आणि त्याचे मोल टनांत किंवा युरोत मोजता येत नाही.

विरोधकांचा सर्वांत वजनदार युक्तिवाद नावीन्याचा होता. सरकारने एक पोर्ट गोठवले तर उद्याचे अधिक चांगले पोर्ट येणार कसे? २००९ चा करार कायदा झाला असता तर युरोप आजही मायक्रो-यूएसबीची ती नाजूक, एकाच बाजूने बसणारी पिन खुपसत बसला असता. हा मुद्दा खोटा नाही. पण युरोपच्या कायद्यातच त्याचे उत्तर आहे. तंत्रज्ञान बदलेल तसे मानक बदलण्याचा अधिकार कायद्याने आयोगाला दिला आणि २०२३ मध्ये आयोगाने तो वापरून मानकाची नवी आवृत्ती जोडलीही. शिवाय टाइप-सी हे काही ब्रुसेल्सच्या बाबूंनी कागदावर काढलेले पोर्ट नव्हे. ते उद्योगानेच २०१४ मध्ये सिद्ध केले आणि खुद्द अ‍ॅपलने २०१५ मध्ये आपल्या मॅकबुकला बसवले. त्यानंतर त्याच २४ टोकांच्या पोर्टातून जाणाऱ्या विजेची मर्यादा १०० वॅटवरून २४० वॅटपर्यंत गेली. मिरज जंक्शनात एकेकाळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुंदींचे रूळ येत आणि एका गाडीतला माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवण्यात हमालांचा घाम आणि व्यापाऱ्यांचे पैसे जात. पुढे रूळ एक झाले. त्यामुळे इंजिने सुधारायची कुठे थांबली?

आता आपल्याकडे वळू. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये उद्योगाच्या प्रतिनिधींची बैठक घेतली. नोव्हेंबरमधील बैठकीत स्मार्टफोन, टॅबलेट आणि लॅपटॉप यांना टाइप-सी लावण्यावर एकमत झाले. भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये टाइप-सीचे मानक प्रसिद्धही केले. म्हणजे युरोपीय संसदेच्या मतदानानंतर अवघ्या तीन महिन्यांत आपले मानक तयार होते. आपल्या सरकारी कारभारात हा वेग वाखाणण्याजोगा. पण मानक ऐच्छिक असते. सक्तीसाठी स्वतंत्र आदेश लागतो आणि गाडे तिथे रुतले. भारताच्या योजनेत जून २०२५ ची मुदत होती आणि अ‍ॅपल वगळता इतर उत्पादकांना ती मान्य होती, असे वृत्त रॉयटर्सने डिसेंबर २०२३ मध्ये दिले. जुन्या आयफोनांना सूट मिळाली नाही तर भारतातील उत्पादनाची उद्दिष्टे गाठता येणार नाहीत, असे अ‍ॅपलने सरकारला कळवल्याचेही त्याच वृत्तात होते. ज्या उत्पादन-प्रोत्साहन योजनेतून सरकार या उद्योगाला पैसे देते, तिचाच धाक सरकारला घातला गेला. जून २०२५ आला आणि गेला.

या दिरंगाईचा आता फारसा फरक पडत नाही, असे कोणी म्हणेल. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेले तर ते पटतेही. जिथे बारीक पिन, जाड पिन, मायक्रो, आयफोन अशा केबलींचे वेगवेगळे खण असत तिथे आता ‘सी-टाइप’चे राज्य आहे. युरोपसाठी एक आणि भारतासाठी दुसरा फोन बनवणे कोणत्याच कंपनीला परवडत नाही. म्हणून युरोपच्या कायद्याचा लाभ आपल्याला आयताच मिळाला. पण त्याच दुकानात पाच मिनिटे थांबून गिऱ्हाइकांचे प्रश्न ऐकावेत. ‘पिन बसते, पण फोन चार्ज का होत नाही?’ ‘चार्जर ऐंशी वॅटचा आहे, मग दोन तास का लागतात?’ दुकानदाराचे उत्तर ठरलेले: ‘त्याला कंपनीचाच लागतो.’ पोर्ट एक होऊनही आपण फिरून तिथेच आलो.

हे का होते ते समजून घ्यायला हवे. टाइप-सी हा केवळ तोंडाचा आकार. किती व्होल्टने आणि किती अँपिअरने वीज द्यायची हे चार्जर आणि फोन आपसात बोलून ठरवतात आणि त्या बोलण्याची भाषा कंपनीगणिक वेगळी आहे. ओप्पोचे वूक, विवोचे फ्लॅशचार्ज अशी घराणी आपल्या बाजारात नांदतात. एका घराण्याचा दमदार अडॅप्टर दुसऱ्याच्या फोनला लावला की कित्येकदा तो दहा-पंधरा वॅटवर येतो. युरोपने हे ओळखले होते. १५ वॅटहून अधिक वेगाने चार्ज होणाऱ्या उपकरणाने ‘यूएसबी पॉवर डिलिव्हरी’ ही सामायिक पद्धत स्वीकारलीच पाहिजे आणि कंपनीने स्वतःची पद्धत जोडली तरी सामायिक पद्धतीत काही कमी पडता कामा नये, असे तेथील कायदा सांगतो. अशा घराण्यांच्या फोनांनी भरलेल्या आपल्या बाजाराला या तरतुदीची गरज युरोपाहून अधिक.

दुसरा घोटाळा स्वस्त मालाचा. दाढीचे ट्रिमर, हातातले पंखे, टॉर्च, कानातले हेडफोन यांवर आता टाइप-सी पोर्ट असते आणि खोक्यावर ते अभिमानाने छापलेलेही असते. पण मानकानुसार उपकरणाच्या आत ५.१ किलो-ओमचे दोन रोध लागतात. ‘मला वीज हवी’ हे चार्जरला कळते ते त्यांच्यामुळे. काही पैशांचे हे दोन दाणे अनेक उत्पादक वाचवतात. मग नव्या लॅपटॉपचा उत्तम टाइप-सी अडॅप्टर लावला तरी ट्रिमर ढिम्म हलत नाही. तो चालतो फक्त एका टोकाला जुनी चपटी यूएसबी असलेल्या केबलवर, आणि ती केबल हरवली की वस्तू निकामी. ही चूक केवळ गल्लीतल्या उत्पादकांची नव्हे. २०१९ मध्ये आलेल्या ‘रास्पबेरी पाय ४’ या जगप्रसिद्ध छोट्या संगणकातही याच दोन रोधांच्या जागी एकच बसवल्याने काही चांगल्या केबली त्याला चालत नव्हत्या; पुढच्या आवृत्तीत ते सुधारावे लागले. पोर्ट टाइप-सी दिसते म्हणजे ते टाइप-सी असतेच असे नाही आणि हा फरक ग्राहकाला दुकानात कळण्याची सोय नाही. तो तपासणे हे मानक ब्युरोचे काम.

केबलींचेही तेच. ६० वॅट पेलणारी आणि २४० वॅट पेलणारी टाइप-सी केबल दिसायला सारखीच. तीन अँपिअरहून अधिक प्रवाह नेणाऱ्या केबलीत तशी ओळख सांगणारी चिप असावी लागते. ती आहे की नाही हे बाहेरून कोणाला समजणार? अडॅप्टरसाठी मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी २०१२ च्या आदेशापासून आहे. केबल मात्र पदपथावर दोरीला टांगलेली आणि तिच्या क्षमतेची हमी म्हणजे विकणाऱ्याचा शब्द. तेव्हा आदेश निघेल तेव्हा केबलीवर वॅटचा आकडा, अडॅप्टरवर सामायिक पद्धतीतील कमाल वॅट आणि उपकरणाच्या खोक्यावर किमान व कमाल गरज ठळक छापण्याची सक्ती त्यात असली पाहिजे. युरोपने खोक्यासाठी असे चिन्ह ठरवले. अडॅप्टरांसाठी पुढचा नियमही त्यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये केला: २०२८ च्या अखेरीपासून यूएसबी चार्जरला किमान एक टाइप-सी पोर्ट आणि सुटी होणारी केबल असावी लागेल.

खोक्यातल्या चार्जरचा प्रश्न नाजूक आहे. अ‍ॅपलने २०२० मध्ये आयफोन १२ सोबत चार्जर देणे थांबवले आणि पर्यावरणाचे कारण पुढे केले. ब्राझीलने ते ऐकून घेतले नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील न्याय मंत्रालयाने कंपनीला दंड ठोठावला आणि चार्जरविना आयफोन विकण्यास मनाई केली. घरात चार्जर असेल त्याला नवा नको, हे बरोबर. पण चार्जर गेला आणि किंमत जागच्या जागी राहिली तर तो पर्यावरणाच्या नावाने केलेला नफा. म्हणून दोन्ही पर्याय दुकानात हवेत आणि दोहोंच्या छापील किमतींतला फरक ग्राहकाला दिसायला हवा.

साध्या बटणांच्या फोनांचा विचार मात्र सावकाशीने व्हावा. त्यांना टाइप-सी लावल्यास किंमत वाढेल, हा उद्योगाचा आक्षेप २०२२ च्या बैठकांतही होता आणि हजार-बाराशेच्या फोनात प्रत्येक रुपया जाणवतो. म्हणून त्यांना वेगळी, पण नेमकी मुदत द्यावी. त्यांना कायमचे वगळले तर एकाच घरात मुलाच्या फोनला एक चार्जर आणि शेतावर जाणाऱ्या आजोबांच्या फोनला दुसरा, अशी फाळणी होईल आणि तिची किंमत ज्याला कमी परवडते तोच मोजेल.

मोबाइलची ही कथा आता विजेच्या दुचाकींत नव्याने सुरू आहे. त्यांच्यासाठी मानक ब्युरोने २०२३ मध्ये चार्जिंगच्या जोडणीचे मानक काढले. एथर या भारतीय कंपनीने विकसित करून इतरांना खुल्या केलेल्या जोडणीवर ते आधारलेले आहे. आपल्या उद्योगाने रचलेले, आपल्या संस्थेने स्वीकारलेले आणि तरीही ऐच्छिक. मोबाइलच्या चार्जरची किंमत काही शे रुपये. रस्त्याकडेच्या चार्जिंग केंद्राचा खर्च त्याच्या कित्येक पट. तीस प्रकार झाल्यावर तीन करण्यापेक्षा आरंभीच एक ठरवणे कितीतरी स्वस्त पडते आणि त्यासाठी अवधी फार नाही.

तेव्हा सरकारने नुसते पोर्ट सक्तीचे केल्याची घोषणा करून पाठ थोपटून घेऊ नये. आदेशात सामायिक चार्जिंग पद्धत असावी, केबल आणि खोक्यावरचे आकडे असावेत, बाजारातून नमुने उचलून तपासण्याची आणि दोषी माल परत घ्यायला लावण्याची यंत्रणा असावी आणि दर काही वर्षांनी मानकाचा फेरविचार करण्याचे कलम असावे. प्रोत्साहन निधी हवा असलेल्या प्रत्येक कंपनीला हे लागू असावे, मग तिचा बोर्ड कितीही मोठा असो. मानक ब्युरोकडे मानक आहे, ग्राहक व्यवहार विभागाकडे बैठकांची इतिवृत्ते आहेत आणि युरोपकडे चाललेला कायदा आहे. कमी आहे ती एका तारखेची.