दारात उभ्या चारचाकीचा खर्च रोज ३५० रुपये! माढा तालुक्यात मोटरसायकल परवडते की कार?

माढा : पंपावर गाडी लावायची आणि 'शंभरचं टाका' म्हणायचं, ही तालुक्यातली जुनी सवय. पण शंभरात आता लिटरभरही पेट्रोल येत नाही. लिटरचा दर १०५ रुपये धरला तर शंभराच्या नोटेत साधारण ९५० मिली पडतं. शंभर सीसीची गाडी खराब रस्ता, मागे एक माणूस आणि पुढे दुधाची किटली धरून लिटरला ५० चा अ‍ॅव्हरेज देते. म्हणजे शंभरात ४७ किलोमीटर. कुर्डुवाडीहून टेंभुर्णीला जाऊन आलं की काटा परत खाली.

अशा वेळी गावोगावी एक चर्चा रंगते आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला. ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकली २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्या. छोट्या कारवर २८ टक्के जीएसटी आणि वर सेस होता, तोही आता सरसकट १८ टक्के आहे. 'आता कार स्वस्त झाली, उसाचं बिल आलं की घेऊन टाकू,' असं पारावर ऐकू येतं. योगायोग असा की त्याच आठवड्यात सीना नदीला पूर आला आणि दारफळसह सीनाकाठच्या गावांत पाणी शिरलं. कुणाचं पीक गेलं, कुणाची जमीन खरवडली. त्यामुळे यंदा हातात येणारा पैसा कुठे घालायचा, हा प्रश्न नेहमीपेक्षा जड आहे.

किलोमीटरचा साधा हिशेब

आधी फक्त पेट्रोल बघू. १०५ रुपये दर आणि ५० चा अ‍ॅव्हरेज म्हणजे मोटरसायकलला किलोमीटरमागे २ रुपये १० पैसे. छोटी पेट्रोल कार आपल्या रस्त्यांवर, एसी लावून, लिटरला १५ किलोमीटर देते असं धरलं तर किलोमीटरला ७ रुपये. कारचा खर्च तिपटीहून जास्त झाला.

पण माणसं मोजली की चित्र बदलतं. मोटरसायकलवर दोघं बसले तर माणशी १ रुपया ५ पैसे. कारमध्ये चौघं बसले तर माणशी पावणेदोन रुपये. एसटीच्या साध्या गाडीचं तिकीट जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर किलोमीटरला साधारण याच्याच आसपास पडतं. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना तर प्रवास मोफत. म्हणजे एकटी बाई माढ्याहून सोलापूरला निघाली तर एसटीइतकं स्वस्त काहीच नाही. एकटा माणूस कार घेऊन निघाला तर त्याच्याइतकं महाग काही नाही.

रोजचं जाणं-येणं ३० किलोमीटर आणि महिन्याला २६ दिवस धरले तर ७८० किलोमीटर होतात. मोटरसायकलला साडेपंधरा लिटर लागतं, खर्च १,६४० रुपयांच्या घरात. कारला ५२ लिटर, म्हणजे ५,४६० रुपये. शेतमजुराची हजेरी ४०० रुपये धरली तर मोटरसायकलचं पेट्रोल म्हणजे चार दिवसांची मजुरी आणि कारचं पेट्रोल म्हणजे जवळपास चौदा दिवसांची.

खरा खर्च पेट्रोलचा नाही, उभं राहण्याचा

कार घेताना बहुतेक लोक अ‍ॅव्हरेज विचारतात. पण कारचा मोठा खर्च टाकीत जात नाही. ती चालली नाही तरी होतो.

उदाहरणासाठी सहा लाखांची कार घेऊ. एक लाख डाउन पेमेंट, पाच लाख कर्ज, साडेनऊ टक्के व्याज, पाच वर्षं मुदत. हप्ता येतो सुमारे १०,५०० रुपये. पाच वर्षांत बँकेला जातात ६ लाख ३० हजार, त्यातले १ लाख ३० हजार नुसतं व्याज. विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून वर्षाला ३० हजार धरले तर पाच वर्षांचे दीड लाख. डाउन पेमेंट मिळवून एकूण ८ लाख ८० हजार. पाच वर्षांनी गाडी अडीच लाखाला विकली गेली असं समजा. तरी ६ लाख ३० हजार गेलेच.

साठ महिन्यांत वाटले तर महिन्याला १०,५०० आणि दिवसाला ३५० रुपये. यात पेट्रोलचा एक थेंबही नाही. गाडी दारात ताडपत्री पांघरून उभी असली तरी हे ३५० रुपये जातात.

आता दुसरी बाजू. गावातली भाड्याची गाडी किलोमीटरला १५ रुपये घेते असं धरू. स्वतःच्या कारला पेट्रोल ७ रुपये, म्हणजे किलोमीटरमागे ८ रुपये वाचतात. महिन्याचे १०,५०० रुपये भरून काढायला या हिशेबाने १,३०० किलोमीटरहून जास्त फिरावं लागेल. दवाखाना, लग्नकार्य, पंढरपूरचं दर्शन आणि वर्षातून दोनदा पुणे, एवढ्यासाठी गाडी असेल तर महिन्याचे ३०० किलोमीटर होणंही अवघड. तेवढ्या फिरण्याला भाड्याची गाडी ४,५०० रुपयांत होते. घरची गाडी पेट्रोल धरून १२,६०० रुपयांत.

आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील. कुणी रोख घेईल, कुणी जुनी गाडी दोन लाखात घेईल, कुणी सीएनजी बसवेल आणि किलोमीटरचा खर्च बराच खाली आणेल. पण हिशेब मांडायची रीत हीच.

गाडीवरचा कर उतरला, पेट्रोलवरचा तसाच

जीएसटीच्या कपातीने सहा लाखांच्या कारमागे पन्नास-पंचावन्न हजार वाचतात. रक्कम लहान नाही, पण वर काढलेल्या उभ्या खर्चाचे ते जेमतेम पाच महिने. मोटरसायकलवर सहा-सात हजार वाचतात. गाडी बदलायचीच असेल त्याला हा फायदा चांगला आहे. पण तो एकदाच मिळतो. पंपावर मात्र रोज जावं लागतं, आणि पेट्रोल-डिझेल अजून जीएसटीच्या बाहेर आहे.

पेट्रोलवर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट असे दोन कर लागतात. मुंबई-ठाणे सोडून उर्वरित महाराष्ट्रात व्हॅट २५ टक्के आणि वर लिटरला ५ रुपये १२ पैसे आहे. मुंबईत पेट्रोलने मे २०२१ मध्ये शंभरी ओलांडली आणि पुढच्या वर्षभरात ते १२० च्या वर गेलं. मग मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवर ८ रुपये कमी केले, जुलैत राज्याने ५ रुपये कमी केले, मार्च २०२४ मध्ये कंपन्यांनी आणखी २ रुपये उतरवले. जून २०१७ पासून दर रोज बदलायची पद्धत आहे, पण २०२२ नंतर ते बराच काळ जागचे हलले नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये कच्चं तेल स्वस्त झालं तेव्हा केंद्राने शुल्क २ रुपयांनी वाढवलं. पंपावरचा दर वाढला नाही, पण जो उतरू शकला असता तोही उतरला नाही.

इथेच मोटरसायकलवाल्याची अडचण आहे. लिटरमागचा कर आलिशान गाडीला आणि दूधवाल्याच्या फटफटीला सारखाच. गाडीवाला महाग झालं तर एखादी फेरी टाळतो. दूधवाल्याला सकाळ-संध्याकाळ डेअरी गाठावीच लागते. बेंबळ्याच्या शेतातली मोटर चालू करायला रात्री जावंच लागतं. मोटरसायकल इथे हौस राहिलेली नाही, ती शेतीचं अवजार झाली आहे.

आपलाच ऊस, आपलीच टाकी

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. त्यातलं काही उसापासून बनतं, त्यामुळे कारखान्यांना आणि पर्यायाने ऊस उत्पादकाला आधार मिळतो. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या आराखड्यानुसार जुन्या धाटणीच्या दुचाकींचा अ‍ॅव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी आणि तशाच चारचाकींचा ६ ते ७ टक्क्यांनी घटतो. ५० चा अ‍ॅव्हरेज ४८ वर आला तर वरच्या हिशेबात महिन्याला साधारण ७० रुपये वाढतात. ऊस घालणाऱ्याला एका हाताने मिळतं, दुसऱ्या हाताने थोडं परत जातं. ज्याच्याकडे ऊस नाही, त्या मजुराचं मात्र नुसतं जातं.

मग लोक कार का घेतात?

कारण सगळं पैशात मोजता येत नाही. मोटरसायकलवर नवरा-बायको, टाकीवर एक पोर, मधे एक पोर, असं कुटुंब सोलापूर-पुणे महामार्गावर ट्रकच्या कडेने जाताना रोज दिसतं. कायद्याने दुचाकीवर दोघंच बसू शकतात आणि हेल्मेट दोघांनाही सक्तीचं आहे. गळीत हंगामात तर रात्रीच्या अंधारात, मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. रतन टाटांना नॅनोची कल्पना सुचली ती पावसात स्कूटरवर चाललेलं असंच एक कुटुंब पाहून. ती गाडी २००९ मध्ये बाजारात आली आणि २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. कुटुंब मात्र अजून दुचाकीवरच आहे.

घरात म्हातारं माणूस असेल, रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागत असेल, तर कारचे ३५० रुपये ही चैन नाही. शेवटची एसटी गेल्यावर गावात दुसरं काही मिळत नाही, हेही खरं.

तालुक्यापुरतं उत्तर

रोजच्या कामाला मोटरसायकलला तोड नाही. घरापासून वीस-तीस किलोमीटरच्या आत फिरणं असेल आणि ओझं नसेल तर इलेक्ट्रिक स्कूटरचाही विचार होऊ शकतो. तीन युनिट विजेत ती ८०-९० किलोमीटर जाते, फक्त घरात लाइटचा भरवसा हवा. चौघांचं कुटुंब लांब निघालं तर एसटी किंवा भाड्याची गाडी. आणि महिन्याला हजार-तेराशे किलोमीटर खरोखर फिरणं असेल, धंद्याला गाडी लागत असेल, तर कार जरूर घ्यावी.

शोरूमला जाण्याआधी एक काम करता येईल. तीन महिने वहीत लिहायचं : कारची गरज किती वेळा पडली आणि किती किलोमीटर. तारीख, गाव, अंतर, बस्स. पुराने ज्याचं शेत खरवडलंय त्याने तर हे करावंच, कारण पाच वर्षांचा हप्ता दर महिन्याला येतो, आणि उसाचं बिल दर महिन्याला येत नाही.