पाहुण्याची साक्ष

उत्तर कोरिया पाहून आलेला परदेशी प्रवासी परतल्यावर एक वाक्य हमखास ऐकवतो : 'लोक म्हणतात तितके तिकडे वाईट नाही, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आलो आहे.' रस्ते स्वच्छ आहेत, भिकारी दिसत नाहीत, मुले नीटनेटक्या गणवेशात शाळेला जातात. तो खोटे बोलतो असे आमचे म्हणणे नाही. आमचा प्रश्न एवढाच की, काय पाहावे हे त्या डोळ्यांना ठरवता आले होते काय?

तेथील प्रवासाची रीत पाहा. सरकारमान्य सहलीखेरीज पर्यटकाला प्रवेश नाही आणि एकट्याने हिंडण्याची मुभा नाही. सोबत बहुधा दोन मार्गदर्शक असतात. पाहुण्यावर नजर ठेवावी आणि एकमेकांवरही, अशी ही योजना. मानसू टेकडीवर किम इल-सुंग व किम जोंग-इल यांच्या सुमारे २० मीटर उंचीच्या पुतळ्यांपुढे मान लववावी लागते. छायाचित्रात पुतळ्याचा भाग कापला गेलेला चालत नाही. जानेवारी २०१६ मध्ये ओटो वॉर्मबिअर या अमेरिकन विद्यार्थ्याला प्रचाराचे एक भित्तिपत्रक चोरण्याच्या प्रयत्नाच्या आरोपावरून अटक झाली. शिक्षा मिळाली १५ वर्षे सक्तमजुरीची. जून २०१७ मध्ये तो बेशुद्धावस्थेत मायदेशी परतला आणि काही दिवसांतच मरण पावला.

त्याचे नाव निदान जगाला कळले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१४ च्या अहवालात राजकीय कैद्यांच्या छावण्यांतील माणसांचा अंदाज ८०,००० ते १,२०,००० असा दिला. त्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत? या छावण्या कोणत्याही सहलीच्या कार्यक्रमात नसतात. राजधानीत भिकारी दिसत नाहीत, याचे कारणही पाहुण्याला कोणी सांगत नाही. प्याँगयांगमध्ये राहण्यास सरकारची परवानगी लागते आणि ती घराण्याच्या राजनिष्ठेची प्रतवारी पाहून मिळते. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्या देशात दुष्काळाने लाखो माणसे मेली, ती मुख्यतः पाहुण्यांच्या वाटेबाहेरच्या प्रांतांत.

ही गोष्ट नवी नाही. बर्नार्ड शॉ १९३१ साली सोव्हिएत रशियाला जाऊन आले आणि तेथे उपासमार नसल्याची ग्वाही देत राहिले. वेब दांपत्याने त्या राजवटीवर मोठा ग्रंथ लिहिला. १९३५ च्या पहिल्या आवृत्तीच्या नावात 'नवी संस्कृती' या शब्दांपुढे प्रश्नचिन्ह होते, पुढच्या आवृत्तीत तेही गळाले. ही मंडळी मूर्ख नव्हती, विकली गेलेलीही नव्हती. त्यांना जे पाहावयाचे होते, तेच यजमानाने दाखविले. उलट १९३३ च्या मार्चमध्ये गॅरेथ जोन्स हा तरुण वार्ताहर खार्कीव्हच्या गाडीतून वाटेतच उतरला, युक्रेनच्या खेड्यांतून पायी चालला आणि त्याने भुकेचे वृत्त जगाला दिले. मॉस्कोतील नामांकित वार्ताहरांनी त्यालाच खोटे ठरविले. फार दूर कशाला, १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत आपल्याकडेही 'गाड्या वेळेवर धावतात' म्हणून माना डोलावणारे कमी नव्हते. तुरुंगात कोण आहे, हे विचारण्याची त्यांना गरज वाटली नाही.

मग तिकडे जाऊच नये काय? आम्ही तसे म्हणत नाही. बाहेरच्या माणसाचा चेहरा दिसणे, हेही कोंडलेल्या माणसाला काहीतरी सांगून जात असेल. परंतु जाणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्याचे परकीय चलन सरकारी तिजोरीत जाते. चोरून काढलेल्या छायाचित्राची फुशारकी तो घरी येऊन मारतो, पण तो पकडला गेला तर जाब त्याच्या मार्गदर्शकालाही द्यावा लागतो. आणि मुख्य म्हणजे, आठ दिवसांच्या सहलीला त्याने साक्ष म्हणू नये. तेथून निसटून दक्षिण कोरियात पोहोचलेली सुमारे ३४,००० माणसे आहेत. ज्याला साक्ष हवी असेल, त्याने आधी त्यांचे ऐकावे.

जुलै २०२५ मध्ये वोनसानच्या समुद्रकाठी नवे विश्रामस्थळ उघडले गेले. तेथे सुमारे २०,००० पाहुण्यांची सोय असल्याचे सरकार सांगते. समुद्रकिनारा सुंदर असेल, याविषयी आम्हांला शंका नाही.

समाजवादी म्हणविणाऱ्यांना मात्र हा विषय परका मानता येणार नाही. आजोबा, मुलगा आणि नातू अशी सत्ता ज्या राज्यात वारसाहक्काने उतरली, ते राज्य आपल्या घटनेत समाजवादाचे नाव घेते. जेथे कामगाराला संप करता येत नाही, शेतकऱ्याला परवान्यावाचून परगावी जाता येत नाही आणि नागरिकाला देश सोडता येत नाही, तेथे कशाचे समाजीकरण झाले आहे? हा प्रश्न भांडवलशहा विचारतात म्हणून आपण टाळावयाचा, ही पळवाट झाली. तो सर्वांआधी आपणच विचारावयास हवा, कारण बदनाम होत आहे तो शब्द आपला आहे.