नीरोला किती गुण?

जुन्या सॉफ्टवेअरचा विषय निघाला की आपल्यातली बरीच मंडळी हळवी होतात. "काय तो नीरो होता!" म्हणून उसासे टाकतात. भाचेमंडळींचं उलट, त्यांच्या लेखी ते सगळं भंगार. मला दोन्ही मतं मान्य नाहीत. छत्तीस वर्षं पेपर तपासलेत मी, आठवणींना गुण द्यायची सवय नाही.

'नीरो बर्निंग रॉम' हे जर्मन सॉफ्टवेअर १९९७ चं. नावातली कोटी झकास, चिन्ह जळत्या कलोसियमचं. इतिहासाच्या पेपरात मात्र मी अर्धा गुण कापला असता. रोमची आग इ.स. ६४ ची, आणि कलोसियमचं बांधकाम सुरू झालं ते नीरो मेल्यानंतर!

असो. मूळ कामात हा विद्यार्थी हुशार होता. एका बाजूला डिस्क, दुसऱ्या बाजूला फायली; ओढा, सोडा, जाळा. लिहिलेलं पुन्हा वाचून तपासायची सोयही होती. पण तपासणीला वेळ लागतो म्हणून कितीतरी लोक ती खूणच काढून टाकत. पेपर लिहून झाल्यावर एकदा वाचून बघा म्हटलं की मुलं असंच तोंड करायची.

मग सूज आली. २००५ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत प्लेअर आला, फोटो सुधारणं आलं, आवाजाची काटछाट आली, वर संगणकातल्या गाण्या-फोटोंची यादी करत बसणारा 'स्काऊट' नावाचा हेर आला. मागितलं मीठ, गळ्यात मारलं अख्खं दुकान! डिस्क बनवण्यासाठी यातलं काहीही लागत नाही.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. डिस्कची प्रत संगणकावर ठेवायला 'आयएसओ' हा सर्वांना चालणारा प्रकार असताना यांनी 'एनआरजी' हा स्वतःचा काढला. म्हणजे घर तुमचं, किल्ली कुलूपवाल्याकडे. साठवणीच्या सॉफ्टवेअरची परीक्षा एकच: वीस वर्षांनी, ते सॉफ्टवेअर नसताना, ठेवलेलं उघडतं का? साध्या पद्धतीनं लिहिलेली डिस्क, शाबूत असेल तर, कुठल्याही ड्राइव्हमध्ये उघडते. म्हणून डिस्क लिहिण्याला दहापैकी आठ, बाकी पसाऱ्याला तीन.

तेव्हा जुना नीरो शोधून बसवायच्या भानगडीत कुणी पडू नका. डिस्क वाचायला तो लागतच नाही. लागतो तो ड्राइव्ह, आणि तो हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये नसतो. यूएसबीला जोडायचा बाहेरचा मिळतो, तो आणा. घरी लिहिलेल्या सीडीत रंगाचा पातळ थर असतो, तो काळानं आणि उन्हानं बिघडतो. आत्याच्या आवाजातल्या ओव्या, बाबांची एकसष्टी, तुमची लग्नं, सगळं त्या थरावर आहे. नातेवाईकांनो, नीरो चांगला की वाईट हा वाद नंतर घालू. या रविवारी आधी कपाट उघडा, डिस्क उतरवून घ्या आणि प्रत्येक फाईल उघडून बघा. दोन ठिकाणी प्रती ठेवा. कुणाची डिस्क उघडली नाही तर मला कळवा.