तंबूतले औषध आणि घरातले मौन

दिवाळीचा अंक घरातली सगळी माणसे वाचतात. आजोबा चष्मा पुसून वाचतात, सूनबाई चकलीचा घाणा निघेपर्यंत दोन पाने चाळून घेते, आणि मुले व्यंगचित्रे संपली की उरलेलेही वाचतात. अशा अंकात हा विषय पाहून कोणी म्हणेल, "मास्तरांना ऐन सणात दुसरे काही सुचले नाही काय?" सुचले होते. पण वीस-बावीस वर्षे मी शाळेत शिकवतो आहे, आणि या एका गोष्टीवर मी स्वतः गप्प बसलो त्याचे फळ डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणून लिहितो.

अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर करीत अकोल्याकडे निघालात की रस्त्याच्या कडेला कुठे ना कुठे एखादा कापडी तंबू दिसतो. आत बरण्यांमधून मुळ्या, साली, भस्मे मांडलेली असतात. पाटीवर 'मर्दानी ताकद' असे मोठ्या अक्षरांत असते, आणि पुरुषाचे इंद्रिय लांब व जाड करून देण्याची हमी त्याखाली बारीक अक्षरांत असते. दिवाळीच्या सुमारास कापसाचा पहिला वेचा विकला जातो, तरण्या पोरांच्या हाती चुकाऱ्याचे पैसे येतात. तंबूवाल्याला हा हंगाम शेतकऱ्याइतकाच कळतो. आता तर तंबूपर्यंत जायचेही कारण नाही. तीच पाटी मोबाइलवर घरात येते.

माझा एक जुना विद्यार्थी. त्याचे लग्न ठरले होते. एका संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, बाबाले सांगा, हे लगन मोडून टाका. मी त्या पोरीच्या लायक नाही." खोदून विचारल्यावर कळले ते असे: मित्रांच्या थट्टेवरून आपले इंद्रिय लहान आहे असे त्याच्या मनाने घेतले. तंबूतून तेल आणले. चार खेपांत कापसाचा अर्धा चुकारा गेला, आणि शेवटच्या तेलाने कातडीवर फोड आले. डॉक्टरकडे जायची लाज वाटत होती, म्हणून पोरगा लग्नच मोडायला निघाला होता. मी त्याला डॉक्टरांकडे नेले. फोड पंधरा दिवसांत बरे झाले. डॉक्टरांनी तपासून सांगितले की तो पहिल्यापासून चारचौघांसारखाच होता. परत येताना त्याने मला एकच प्रश्न केला, "मंग शाळेत काहून नाही सांगितलं जी?"

मला उत्तर देता आले नाही. जननेंद्रियांचा धडा आला की "हा घरी वाचून घ्या" असे म्हणून मी पान उलटत आलो होतो.

मी मॅट्रिक झालेला मनुष्य आहे, डॉक्टर नव्हे. पण डॉक्टरांनी जे छापून ठेवले आहे ते वाचता येते. २०१५ साली लंडनच्या संशोधकांनी निरनिराळ्या देशांतील १५,५२१ पुरुषांची वैद्यकीय मोजमापे एकत्र केली. ताठरलेल्या शिश्नाची सरासरी लांबी १३.१२ सेंटिमीटर निघाली, म्हणजे सव्वापाच इंचांहूनही किंचित कमी. शिथिल अवस्थेत ती ९.१६ सेंटिमीटर होती. पोरे मित्रांच्या गप्पांत आणि मोबाइलवरच्या घाणेरड्या चित्रफितींत जे आकडे ऐकतात, पाहतात, ते कुठे आणि हे कुठे! त्यातून स्वतःचे अंग माणूस नेहमी वरून पाहतो, आणि वरून पाहिलेली वस्तू आखूडच दिसते. २०१९ साली अशा उपायांवरच्या १७ अभ्यासांची छाननी झाली. त्यांतल्या १,१९२ पुरुषांपैकी बहुतेकांचा आकार मुळातच नेहमीसारखा होता. रोग नव्हताच, मग औषध कशावर चालले होते?

आता उपायांचे पाहू. तेलाने किंवा मालिशने लांबी वाढते याला पुरावा नाही. आमच्या अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले आणि १९३६ साली त्याचा संघ बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी प्रात्यक्षिके दाखवून आला. मेहनतीने दंड भरतो हे या गावाला शिकवायला नको. तंबूवाला नेमका तोच दाखला देतो. पण हे इंद्रिय दंडासारखा स्नायू नव्हे. आतल्या स्पंजासारख्या भागात रक्त भरले की ते ताठरते. जोर-बैठका काढून ते भरत नाही. सांड्याचे तेल म्हणजे एका गरीब सरड्याची चरबी. त्या प्राण्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, पोरांना मात्र कोणाचेच नाही. गोळ्यांचे तर विचारू नका. 'वनस्पतीजन्य' म्हणून विकलेल्या गोळ्यांत चोरून सिल्डेनाफिल घातलेले अनेकदा सापडले आहे. हृदयविकारासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून प्राणावर बेतू शकते.

हवा ओढणाऱ्या पंपाने कायमची लांबी वाढत नाही. ताणून धरणारे यंत्र रोज काही तास, महिनोन्‌महिने लावले तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर फरक पडल्याचे काही लहान अभ्यास सांगतात; एवढेच काय ते हाती लागते. शस्त्रक्रियेत आधाराचा बंध कापतात. त्याने इंद्रिय लोंबते अधिक, ताठरल्यावर वाढत नाही, आणि वर डळमळते. पॅराफिन किंवा सिलिकोन टोचून घेणाऱ्यांना गाठी, जखमा आणि पुढे कातडी कापून काढण्याची पाळी आलेली आहे.

"आपल्या पूर्वजांना हे ज्ञान होते," असे कोणी छाती काढून सांगेल. होते, आणि त्याचे परिणामही त्यांना ठाऊक होते! सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात शूकदोषांचा एक अध्यायच आहे. इंद्रिय वाढवण्याच्या हव्यासाने दाहक किड्यांचे लेप लावणाऱ्यांना जडणारे अठरा रोग सुश्रुताने मोजून दिले आहेत, आणि त्यांतले काही असाध्य म्हटले आहेत. पूर्वजांचे नाव घ्यायचे असेल तर त्यांची ताकीदही ऐकावी.

दुसरा म्हणेल, "सरकार काय करते?" सरकारने १९५४ सालीच चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींविरुद्ध कायदा केला. कामशक्ती वाढवण्याची जाहिरात त्यात गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. औषधांच्या नियमावलीतील परिशिष्टातही, ज्या गोष्टींचा दावा औषधाने करू नये त्यांत इंद्रियाचा आकार वाढवणे स्पष्ट लिहिले आहे. पण तक्रार कोण करणार? फसलेला मनुष्य पोलीस ठाण्यात जाऊन काय फसले ते सांगेल काय? तंबूवाल्याचे खरे भांडवल त्याच्या बरण्यांत नाही, गिऱ्हाइकाच्या लाजेत आहे. आणि ती लाज आपण घरोघरी फुकट तयार करून देतो.

याच महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवले आणि लोकांच्या असल्या प्रश्नांना सरळ उत्तरे दिली. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी कर्व्यांना दंड झालाच. उत्तर देणाराला आपण कोर्टात उभे केले आणि त्याच प्रश्नांवर दुकान थाटणाऱ्याला रस्त्याकडेची जागा दिली. सभ्यता म्हणतात ती हीच काय?

वडीलधाऱ्यांनो, मी मोठे व्याख्यान द्यायला सांगत नाही. मिसरूड फुटलेल्या मुलाला एवढेच सांगा: "बाबा रे, सगळ्यांचे सारखे नसते, तुझे ठीक आहे, शंका आली तर मला विचार, नाही तर डॉक्टरला विचार." खरोखरच उणीव असलेली मुले फार थोडी असतात. ती लहानपणीच डॉक्टरला कळते आणि त्या वयात उपचारही होतो. अमरावतीचे इर्विन आहे, अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय आहे. तिथे केसपेपर काढायला लाज कसली? आयांनी बाळाला न्हाऊ घालताना काही वेगळे वाटले तर तेव्हाच दाखवावे.

त्या पोराचे लग्न ठरल्या तिथीला झाले. मी अक्षता टाकून आलो, पण त्याचा प्रश्न अजून माझ्याकडेच आहे. सुट्टी संपून शाळा उघडली की तो धडा या वर्षी मी वर्गात स्वतः वाचणार आहे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. कोणा पालकाला आक्षेप असेल त्यांनी खुशाल यावे. मागच्या बाकावर जागा आहे.