चौकोन तोकडा, दोष अक्षराला

"आपल्या लिप्या संगणकासाठी बनलेल्याच नाहीत." हे वाक्य बोलणारा माणूस बहुधा शिकलेला असतो, हीच खरी अडचण. अडाण्याने म्हटले असते तर सोडून दिले असते.

मी ते अलीकडे ऐकले हैदराबादच्या दिलसुखनगरात. हा भाग म्हणजे शिकवण्यांचे आगर. जिन्याजिन्यावर क्लासच्या पाट्या, मागच्या गल्ल्यांत होस्टेले. भाच्याबरोबर मी एका क्लासात जाऊन बसलो होतो. विषय होता, रंगीत पडद्यावर ठरावीक रुंदीची अक्षरे कशी काढायची. मास्तरांनी शिकवले मात्र झकास, हे आधीच सांगून टाकतो.

थोडक्यात असे. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग स्मृतीच्या एका सलग पट्ट्यात लिहिलेला असतो, त्याला फ्रेमबफर म्हणतात. लहान रंगीत पडद्यांवर बऱ्याचदा एका ठिपक्याला दोन बाइट, त्यात लाल रंगाला ५ बिट, हिरव्याला ६, निळ्याला ५. अक्षर ८ ठिपके रुंद, १६ ठिपके उंच. म्हणजे एका ओळीला एक बाइट, अक्षराला १६. इंग्रजी मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५. त्याला १६ ने गुणा, फॉन्टातले १०४० बाइट सोडा आणि वाचायला लागा. बिट १ असेल तिथे शाईचा रंग भरा, ० असेल तिथे मागचा. अक्षर संपले की ८ ठिपके उजवीकडे सरका. २५६ अक्षरांचा अख्खा फॉन्ट ४,०९६ बाइटांत मावतो! युक्ती सुंदर आहे, नाही कोण म्हणतो?

मग एका मुलाने विचारले, "सर, तेलुगू कसे काढायचे?" त्यावर ते वरचे वाक्य आले. ज्या गल्लीत पाव पाट्या तरी तेलुगूत रंगवलेल्या, तिथे!

आता आपला एक शब्द घ्या, पर्वरी. गोव्याची विधानसभा जिथे भरते ते गाव. युनिकोडात हा शब्द सहा क्रमांकांनी साठवला जातो: प, र, हलन्ताची खूण, व, र आणि दुसरी वेलांटी. आपले डोळे मात्र तीनच अक्षरे वाचतात. मास्तरांची युक्ती या सहांना सहा खण देणार. ज्या 'र'ने रफार होऊन 'व'च्या डोक्यावर बसायचे, तो पाय मोडून मध्येच उभा. डिचोलीची गत आणखी वाईट. पहिली वेलांटी साठवली जाते 'ड'च्या नंतर आणि दिसायला हवी 'ड'च्या आधी. तेलुगूत जोडाक्षरातला दुसरा वर्ण पहिल्याच्या पायाशी जातो, तिथे तर खणाची उंचीच अपुरी.

पण यात लिपीचा गुन्हा कोणता? एक क्रमांक, एक आकार, एक खण, हे गृहीतक इंग्रजीचे आहे. फ्रेमबफरला खण ठाऊकच नसतात. त्याला ठिपके ठाऊक असतात, आणि कुठलाही ठिपका कुठल्याही रंगाने रंगवायला त्याची हरकत नसते. खण आखतो प्रोग्रॅम लिहिणारा, स्वतःच्या सोयीसाठी, आणि मग तो सृष्टीचा नियम असल्यासारखा आपल्याला ऐकवतो.

गंमत म्हणजे स्वतःला गरज पडली तेव्हा त्यांनीच हा नियम मोडला. आयबीएमच्या १९८१ च्या एकरंगी पडद्यावर खण ९ ठिपके रुंद होता, अक्षर ८ चे. नववा ठिपका कोरा, म्हणजे अक्षरांत फट. पण तक्त्यांच्या चौकटी काढायच्या खुणाही त्यांच्याकडे होत्या आणि फटीमुळे आडव्या रेघा तुटल्या असत्या. म्हणून १९२ ते २२३ या ३२ क्रमांकांपुरता आठवा ठिपका नवव्या जागी पुन्हा काढायचा, अशी सोय त्यांनी थेट यंत्रात केली. पुढे १९८७ च्या व्हीजीएतही ती राहिली. हिशेबाच्या तक्त्याची रेघ तुटू नये म्हणून यंत्र वाकले. शिरोरेषा तुटते तेव्हा मात्र लिपी अशास्त्रीय!

जपान्यांनी एका कांजी अक्षराला सरळ दोन खण दिले. आपणही हात जोडून बसलो नव्हतो. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरला आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये 'जिस्ट' तयार झाले. संगणकात एक कार्ड खोचले की डॉसच्या त्याच खणांच्या जगात देवनागरी, तेलुगू जोडाक्षरांसह दिसू लागे. इस्की ही संकेतावली १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. ज्या काळी स्मृती किलोबाइटांत मोजत, तेव्हा हे जमले. आज खिशातल्या साध्या अँड्रॉइड फोनात हार्फबझ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर हेच काम बिनबोभाट करते.

तरीही लिनक्सचा मूळ मजकुरी पडदा आजही ५१२ आकारांपलीकडे जात नाही आणि जोडाक्षर जुळवत नाही. डेबियनने २००७ साली चित्ररूप स्थापना आणली तेव्हा हिंदी, गुजराती, तामिळ त्यातच मिळाल्या, मजकुरी स्थापनेत नाहीत. म्हणजे चित्र काढता आले तर तुम्हाला भाषा आहे, नाहीतर इंग्रजी वाचा.

लिपी छाटून यंत्रात बसवायची सवय आपल्याकडे जुनी आहे. सावरकरांची 'अ'ची बाराखडी घ्या, किंवा १९५३ च्या लखनौ परिषदेत पहिली वेलांटी उजवीकडे नेण्याचा झालेला निर्णय. तो पुढे मागे घ्यावा लागला. पण त्या मंडळींना निदान कारण होते. प्रत्येक जादा खिळा शिशाचा ओतावा लागे, जुळाऱ्याला शोधावा लागे. आज शिसे नाही, जुळारी नाही. आहे तो फक्त आळस.

(मराठी-कोकणीच्या भांडणात आपण एकमेकांच्या झिंज्या उपटतो, पण हा खण दोघींनाही सारखाच कापतो. रोमी कोकणी त्यात मजेत बसते. लिपीवादात हा नवा मुद्दा कुणी काढला नाही म्हणजे मिळवली.)

हा नुसता अभिमानाचा प्रश्न असता तर मी एवढा वेळ घालवला नसता. स्वस्त पडदा आता सगळीकडे आला आहे: तिकीटयंत्र, वजनकाटा, बसची पाटी, रुग्णालयातला क्रमांकाचा फलक. यातले बरेच ग्रामपंचायत किंवा सरकार आपल्याच पैशाने घेते. सत्तरीतल्या ज्या आजीला फक्त देवनागरी वाचता येते तिला त्यावरचे नाव वाचता आले पाहिजे. निविदेत एक अट घाला. विक्रेत्याने यंत्र आणावे आणि सगळ्यांसमोर त्यावर दोनच शब्द काढून दाखवावेत, पर्वरी आणि डिचोली. नाही जमले तर यंत्र परत न्यावे.