वेगळ्या वस्तीने शांतता येत नाही

देवळ्यात नवे प्लॉट पडू लागले की एक सल्ला हमखास कानी येतो: ‘ज्याची त्याची वस्ती वेगळी बरी. जवळ राहिले की भांड्याला भांडे लागणारच.’ सल्ला देणारे दुष्ट नसतात, त्यांना शांतताच हवी असते. पण हा मार्ग शांततेकडे जात नाही.

दाखला दूरचा नाही. लोहोणेरवरून जाणारी गिरणा नदी पुढे मालेगावला मोसमला भेटते. त्या मोसमच्या एका काठावर मुख्यतः मुसलमान, दुसऱ्या काठावर मुख्यतः हिंदू. वेगळे राहण्याने दंगे टळत असते, तर मालेगाव महाराष्ट्रातले सर्वांत निर्धास्त शहर असते. प्रत्यक्षात ऑक्टोबर 2001मध्ये तिथे दंगल पेटली, गोळीबार झाला, माणसे मेली. मधली नदी अफवेला अडवू शकली नाही. पलीकडे काय चालले आहे हे डोळ्यांनी दिसत नाही, तेव्हा ऐकीव गोष्टच खरी वाटते.

‘लोक आपखुशीने आपापल्या माणसांत राहतात,’ असेही म्हणतात. ते अंशतः खरे आहे. 1857नंतर उत्तरेतून मालेगावला आलेले विणकर मागाजवळ आणि नातलगांजवळ वसले, त्यात गैर काही नव्हते. पण मुंबईत 1992-93च्या दंगलींनंतर अनेक मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याला गेली, ती भीतीने. आडनाव ऐकून घर नाकारले जाते, तिथे खुशी कसली? एकाच समाजापुरते सभासदत्व ठेवण्याची मुभा गृहनिर्माण संस्थेला सर्वोच्च न्यायालयाने 2005मध्ये मान्य केली. पण मुभा आहे म्हणून ती वापरणे शहाणपणाचे ठरत नाही.

कोणी भिवंडीकडे बोट दाखवील. 1970 आणि 1984च्या दंगलींनी होरपळलेली भिवंडी 1992मध्ये शांत राहिली आणि वस्त्या तर वेगळ्याच होत्या! पण ती शांतता वेगळेपणाची कमाई नव्हती. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारून दोन्हीकडच्या माणसांना नियमित समोरासमोर बसवले होते. शेजाराने सहज होणारी ओळख तिथे बैठका घेऊन घडवावी लागली. परदेशातही दोन्ही वाटा दिसतात. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये 1969पासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमध्ये भिंती घातल्या गेल्या, त्यांतल्या कित्येक आजही उभ्या आहेत. सिंगापूरने मात्र 1989पासून सरकारी घरांच्या प्रत्येक इमारतीत प्रत्येक वंशाचे कमाल प्रमाण ठरवून दिले. तो नियम इथे जसाच्या तसा लागू करावा असे नाही, पण वस्ती आखण्याचा हेतू तरी तोच हवा.

देवळ्याच्या हाती अजून वेळ आहे. उमराण्याच्या कांदा बाजारात आपण माल पाहून भाव करतो, जात-धर्म पाहून नव्हे. घराच्या व्यवहारातही तेच व्हावे. घरकुलांचे वाटप सोडतीने करा. अंगणवाडी, पाणवठा आणि मैदान दोन वस्त्यांच्या मध्ये आणा. शांतता समितीची बैठक सणापुरती न ठेवता दर महिन्याला घ्या. आणि प्लॉट विकणाऱ्या, घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने गिऱ्हाइकाचे आडनाव ऐकून दार लावू नये. मालेगावची वाटणी पुसायला पिढ्या लागतील. देवळ्यात ती होऊच न देणे आपल्या हातात आहे.